पेशीतले पेरॉक्साइड आणि बाजारातली गोळी

हायड्रोजन पेरॉक्साइड हे नाव सोलापुरात रसायनशास्त्राच्या पुस्तकाबाहेरही ओळखीचे आहे. टर्किश टॉवेल पांढराशुभ्र निघावा म्हणून सुती मालाला जे ब्लीचिंग करतात, त्यात ते वापरले जाते. औषधाच्या दुकानात तेच जखम धुण्यासाठी छोट्या बाटलीत मिळते. बोळ्यावर घेऊन लावले की फेस येतो. रंग घालवणारे, जंतू मारणारे, हाताला लागले तर कातडी पांढरी करणारे हे द्रव्य शरीरातल्या पेशी स्वतःहून तयार करतात आणि आतल्या आत निरोप पोचवण्यासाठी वापरतात, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते. माहीत नसल्याने कोणाचे काही बिघडलेही नसते. पण दमा, जुनाट सर्दी, अंगावर पित्त उठणे अशा प्रत्येक तक्रारीवर आता 'अँटिऑक्सिडंट' असे ठळक लिहिलेली डबी विकली जाते आणि ती विकताना शास्त्र अर्धेच सांगितले जाते.

विक्रीचा युक्तिवाद सोपा आहे. ऑक्सिडीकरण म्हणजे गंजणे. लोखंड गंजते, कापलेले सफरचंद लाल पडते, तसे प्रदूषणाने फुप्फुसही 'गंजते'. तेव्हा गंज काढणारी गोळी घ्या, ॲलर्जी मुळापासून जाईल. यातले पहिले वाक्य बरोबर आहे, दुसरे ओढूनताणून बरोबर आहे आणि तिसरे खोटे आहे. ते खोटे का, हे समजून घ्यायचे तर ॲलर्जी ज्या पेशीत पेटते तिच्या आत डोकवावे लागेल.

या पेशीचे नाव मास्ट पेशी. पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये आपल्या प्रबंधात तिचे वर्णन केले. आत कणच कण ठासून भरलेले दिसल्यामुळे ती खाऊनपिऊन गुबगुबीत झालेली पेशी असावी, असे त्याला वाटले आणि नावही तसेच पडले. त्वचा, नाक, श्वासनलिका, आतडे, म्हणजे शरीराचा बाहेरच्या जगाशी जिथे जिथे संबंध येतो तिथे तिथे या पेशी बसलेल्या असतात. त्यांच्यातल्या कणांत हिस्टामिन असते. ते बाहेर पडले की खाज सुटते, गांधी उठतात, नाक वाहते, छाती आवळते. सेटिरिझिनसारखी गोळी घेतल्यावर बरे वाटते ते हिस्टामिनला तिच्या जागी बसू न दिल्यामुळे. पेशी फुटायची थांबते म्हणून नव्हे.

पेशी फुटते कशी? परागकण, धुळीतले किडे, तंबाखूची पूड अशा एखाद्या गोष्टीविरुद्ध शरीराने आयजीई नावाचे प्रतिपिंड बनवलेले असते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काम करणारे इशिझाका पती-पत्नी आणि स्वीडनमधले योहान्सन व बेनिक यांनी हे प्रतिपिंड स्वतंत्रपणे शोधले. १९६८ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. ही प्रतिपिंडे मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर खोचलेली असतात. ॲलर्जीचा पदार्थ आला आणि त्याने शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकत्र ओढले की आत हालचाल सुरू होते. आधी लिन नावाचे विकर जागे होते, ते सिक नावाच्या विकराला कामाला लावते, पुढे आणखी काही प्रथिने, मग पेशीत कॅल्शियम वाढते आणि काही मिनिटांत कण बाहेर फेकले जातात.

लिन आणि सिक ही कायनेज जातीची विकरे. दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवणे एवढेच त्यांचे काम. त्यांच्या उलट काम करणारी फॉस्फटेज जातीची विकरे चिकटवलेले तुकडे काढून टाकत असतात. हौदाची कल्पना करावी: वरून नळ चालू, खालून मोरी उघडी. (चार-पाच दिवसांआड पाणी भरणाऱ्या सोलापूरकरांना चालू नळाची कल्पना करायला थोडे कष्ट पडतील, पण हरकत नाही.) नळ आणि मोरी दोन्ही चालू असताना पाण्याची पातळी खालीच राहते. मास्ट पेशी शांत असते ती तिच्यात काही घडत नसते म्हणून नव्हे. चिकटवणे आणि काढणे यांचा सतत मेळ बसलेला असतो, म्हणून ती शांत असते. आता हौद पटकन भरायचा असेल तर नळ मोठा करून भागत नाही, मोरीला बोळाही लावावा लागतो. हा बोळा म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड.

फॉस्फटेज विकराच्या ऐन कामाच्या जागी सिस्टीन नावाचे अमिनो आम्ल असते. त्यात गंधकाचा एक अणू आहे. हा गंधक इतका उतावळा, की पेरॉक्साइड भेटताच त्याच्याकडून ऑक्सिजन घेतो. ऑक्सिजन बसला की विकर ठप्प. म्हणजे मोरी बंद होते, कायनेजने चिकटवलेले फॉस्फेट टिकून राहतात आणि निरोप पुढे जातो. यातली खरी गंमत पुढे आहे. हा ऑक्सिजन काढताही येतो. पेशीत ग्लुटाथायोन आणि थायोरेडॉक्सिन अशी द्रव्ये असतात. ती गंधकाला पुन्हा पूर्ववत करतात, विकर पुन्हा चालू होते आणि पेशी शांत होते. शाळेत ज्याला ऑक्सिडीकरण आणि क्षपण म्हणून शिकवले, ती जोडी इथे दिव्याच्या बटणासारखी वापरली जाते. पेरॉक्साइडचा मारा फार झाला तर मात्र गंधकावर आणखी ऑक्सिजन चढतात आणि मग सहसा परतीचा रस्ता उरत नाही. तेव्हा ते बटण राहत नाही, इजा होते.

हा सगळा फरक मात्रेचा, जागेचा आणि वेळेचा आहे, आणि जाहिरातीत नेमका तोच गाळलेला असतो. पेशीने स्वतः, ठरावीक ठिकाणी, काही मिनिटांपुरते बनवलेले पेरॉक्साइड हा निरोप असतो. धूर आणि धूळ यांनी तासन्‌तास बाहेरून लादलेले ऑक्सिडीकरण हा मारा असतो. दोन्हींना एकच 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हे नाव देऊन एकच गोळी विकणे म्हणजे चुलीतली आग आणि घराला लागलेली आग यांच्यावर एकच बादली ओतणे होय.

शिवाय प्रयोगशाळेतही सगळे मिटलेले नाही. मास्ट पेशीत हे पेरॉक्साइड नेमके कोण बनवते, यावरच मतभेद आहेत. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी जे विकर वापरतात, ते एनएडीपीएच ऑक्सिडेज, इथेही कामाला येते, असे काही गटांचे म्हणणे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवले, की ते विकर नसलेल्या उंदरांच्या मास्ट पेशीही आयजीईच्या मार्गाने ऑक्सिजनची अशी क्रियाशील रूपे बनवतात. त्यांचा उगम ल्युकोट्रीन आणि प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकरांत आहे. २०११ मध्ये झेब्राफिश या माशावरच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. लिन या कायनेजमध्येही एक सिस्टीन आहे. जखमेतून निघालेले पेरॉक्साइड त्याला ऑक्सिडाइझ करते आणि लिन जागे होते. तो प्रयोग न्यूट्रोफिल पेशींवरचा आहे, मास्ट पेशींवरचा नाही. पण लिन तेच. म्हणजे पेरॉक्साइड मोरी तर बंद करतेच, काही पेशींत नळही उघडत असावे. शास्त्रज्ञ अजून आकृती काढत आहेत आणि बाजारात दुरुस्तीचे सामान आधीच येऊन पडले आहे.

या आकृतीचा सोलापूरच्या रुग्णाशी संबंध काय? पुष्कळ आहे. कारण पेशीतल्या या बटणाला बाहेरूनही हात लावता येतो, आणि ते हात या जिल्ह्यात फार आहेत.

पहिला हात परागकणांचा. २००५ मध्ये टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन येथील संशोधकांनी रॅगवीड या तणाचे पराग तपासले, तेव्हा परागकणांचे स्वतःचेच ऑक्सिडेज विकर असल्याचे दिसले. पराग ओलसर श्लेष्मल त्वचेवर बसले की ते विकर क्रियाशील ऑक्सिजन बनवू लागते. उंदरांच्या फुप्फुसात हे ऑक्सिजन आणि परागातले प्रथिन एकत्र पडले तर सूज जोरात येते; विकर निकामी करून पराग दिले तर ती बरीच कमी येते. म्हणजे परागकण नुसती चिठ्ठी आणत नाही, दारावर धक्काही मारतो. रॅगवीड सोलापुरात नाही. पण त्याच सूर्यफुलाच्या कुळातले गाजर गवत आहे, रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, मोकळ्या प्लॉटवर, शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवले, की गाजर गवताच्या आणि रॅगवीडच्या परागांची ॲलर्जी एकमेकांशी जुळते; एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही ओळखतात.

गाजर गवत हे तर या विषयाचे महाराष्ट्रातले खास उदाहरण. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम ठळकपणे नोंदले गेले. पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर ते आले असे सर्रास सांगतात. त्या योजनेचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा आहे, हे सांगणारे सहसा पाहत नाहीत. ते असो. १९७० च्या दशकात पुणे परिसरातूनच या गवताने होणाऱ्या त्वचारोगाची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत गेली. पापण्या, मान, कोपराच्या आतली खोबण, कानामागची जागा इथे कातडी जाड, काळपट, खाजरी होत जाते. रुग्ण बहुधा शेतकरी. हा आजार मास्ट पेशींचा नव्हे, टी-पेशींचा. पण त्याच्या मुळाशी असलेले रसायन पाहिले की आधीची गोष्ट आठवते. गवतातले पार्थेनिन हे द्रव्य थेट सिस्टीनच्या गंधकावर जाऊन चिकटते, आणि असे चिकटते की सुटत नाही. ज्या गंधकाला पेशी स्विचसारखे उघड-मीट करते, त्याला हे द्रव्य खिळा मारून ठेवते. ग्लुटाथायोनचाही गंधक त्यात खर्ची पडतो. इथे व्हिटॅमिनची गोळी काय करणार? गवत उपटावे लागते, तेही फुलावर येण्याआधी आणि हातमोजे घालून. १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणलेला भुंगा त्याची पाने खातो, हे खरे आहे, पण भुंग्याच्या भरवशावर महापालिकेने मोकळे प्लॉट सोडून देणे बरोबर नाही.

दुसरा हात धुराचा. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये कॅलिफोर्नियातला एक छोटा पण नेमका प्रयोग प्रसिद्ध झाला. रॅगवीडची ॲलर्जी असलेल्या लोकांच्या नाकात परागांचा अर्क आणि सोबत कधी डिझेलच्या धुरातले कण, कधी साधे द्रावण सोडले. धुरासोबत पराग गेले तेव्हा आयजीई आणि हिस्टामिन दोन्ही जास्त वाढले. आणि सगळ्यांत सारखे वाढले नाही. ग्लुटाथायोनच्या मदतीने विषारी द्रव्ये निपटणाऱ्या जीएसटीएम-१ या विकराचे जनुक काही लोकांत जन्मतःच नसते. त्यांच्यात वाढ जास्त होती. एकाच घरात, एकाच चौकातला धूर खाणाऱ्या दोन भावांपैकी एकाला दमा आणि दुसरा ठणठणीत, असे का, याचे एक उत्तर इथे सापडते. हे कळल्यावर आईवडिलांनी मुलाला 'तुझीच प्रकृती नाजूक' म्हणणे सोडायला हवे. जनुक बदलता येत नाही, चौकातला धूर कमी करता येतो. हवेचे मानक न पाळणाऱ्या शहरांची जी यादी केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, त्यात सोलापूरचे नाव आहे.

तिसरा हात कामाच्या जागेचा, आणि सोलापूरच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा. पूर्वभागातल्या यंत्रमागांवर आणि टॉवेलच्या कारखान्यांत सुताचा तंतू हवेत असतो. कापसाच्या धुळीने येणारा बिसिनोसिस हा सूतगिरण्यांचा जुना आजार; सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे आठवडाभर जरा बरे वाटते. तो खरा ॲलर्जीचा आजार नाही, त्यात धुळीतल्या जिवाणूंच्या विषाचा वाटा मोठा आहे. पण ते विषही पेशींत हेच ऑक्सिजनचे मार्ग पेटवते. रंगखान्यातली गोष्ट वेगळी. सुती मालाला वापरतात ते रिॲक्टिव्ह रंग नावाप्रमाणेच प्रथिनांना चिकटणारे. त्यांची कोरडी पूड तोलताना, पाण्यात कालवताना श्वासात जाते आणि काही कामगारांत त्यांच्याविरुद्ध आयजीई तयार होते, हे अनेक देशांत सिद्ध झाले आहे. कामामुळे होणारा दमा आणि बिसिनोसिस हे दोन्ही कामगार भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत. यादीत असून उपयोग तेव्हा, जेव्हा रुग्णाला दवाखान्यात 'काम काय करता' असे कोणी विचारते आणि उत्तर केसपेपरवर लिहिते. 'धंदा: मजुरी' असे लिहिले की कायद्यातला आजार कागदावर जन्मालाच येत नाही.

आणि विडी. तंबाखूच्या पानाची खरी, आयजीईमार्फत होणारी ॲलर्जी पाने हाताळणाऱ्या कामगारांत नोंदली गेली आहे. तंबाखूची पूड श्वासनलिकेला चुरचुरवते ते वेगळेच. सोलापुरात हजारो बायका घरात बसून, सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला, पुढे कल्याण निधी आला, कुंभारीला त्यांच्यासाठी घरकुलेही उभी राहिली, त्यामागे मोठा लढा आहे. पण कायद्याला कारखाना दिसतो, घर दिसत नाही. जिथे तंबाखू चाळला जातो तिथेच स्वयंपाक होतो आणि तिथेच बाळ झोपते. टॉवेलच्या कारखान्यात निदान पंखा बाहेर हवा फेकणारा असावा, अशी मागणी करता येते. एका खोलीच्या घरात ती कोणाकडे करणार? अशा बाईला खोकल्यासाठी कोणी महिन्याला काही शे रुपयांची अँटिऑक्सिडंट कॅप्सूल लिहून दिली, तर हजार विड्यांची मजुरी मोजून पाहावी, म्हणजे ती कॅप्सूल तिला किती हजार विड्यांना पडली ते कळेल.

एवढे करून ती कॅप्सूल लागू पडते का? याची चाचणी झालेली आहे. ब्रिटनमध्ये २००३ ते २००७ या काळात दम्याच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम देऊन तीन वेगवेगळ्या काटेकोर चाचण्या झाल्या. तिन्हींत नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा अर्थपूर्ण फायदा दिसला नाही. नवल नाही. रक्तात वाढलेले जीवनसत्त्व मास्ट पेशीतल्या त्या एका विकराच्या त्या एका गंधकापर्यंत नेमक्या मिनिटाला पोचेल, ही अपेक्षाच भाबडी होती. फळे-भाज्या खाणाऱ्यांत दमा कमी आढळतो, असे काही पाहण्या सांगतात. पण पेरू खाणे आणि पेरूतले एक द्रव्य गोळीत भरून गिळणे ही वेगळी गोष्ट आहे.

निरुपयोगी असली तरी निरुपद्रवी तर आहे ना, असा प्रश्न येतो. तेही नेहमी खरे नाही. फिनलंडमध्ये १९८० च्या दशकात सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी सुरू झाली. त्यातल्या काहींना बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट वर्षानुवर्षे दिले. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. विडी ओढणाऱ्या माणसाला 'फुप्फुस साफ करणारी' गोळी देण्याआधी हे दोन आकडे दुकानदाराने नाही तरी डॉक्टरने आठवायला हवेत.

दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन हे द्रव्य ग्लुटाथायोनचा कच्चा माल. पॅरासिटामॉलची विषबाधा झालेल्या रुग्णाचे यकृत त्याने वाचते; सरकारी रुग्णालयात ते खरोखर जीव वाचवणारे औषध आहे. पाण्यात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपात तेच अँटिऑक्सिडंट म्हणून खपते. शिरेतून दिले असता याच औषधाने काही रुग्णांच्या अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, रक्तदाब पडतो. कारण ते मास्ट पेशींतून हिस्टामिन सोडवते, तेही आयजीईच्या मदतीशिवाय. दमेकऱ्यांत हा धोका जास्त. म्हणजे ज्या पेशीला शांत करायचे म्हणून अँटिऑक्सिडंट विकले जाते, तीच पेशी एका नावाजलेल्या अँटिऑक्सिडंटने फुटू शकते. गोळी तोंडाने घेतल्यावर हे सहसा होत नाही, पण 'नैसर्गिक, म्हणून निर्धोक' ही समजूत मोडायला एवढे पुरे.

मग पेशीतल्या या बटणाच्या ज्ञानाचा उपयोगच नाही का? आहे, पण त्याला वेळ लागला आणि वाट सरळ नव्हती. सिक विकर अडवले तर ॲलर्जी थांबेल, या कल्पनेवर दम्यासाठी श्वासातून घ्यायचे औषध बनवले गेले. २०१३ मध्ये ते रुग्णांवरच्या चाचणीत नापास झाले. त्याच कंपनीचे सिक अडवणारे दुसरे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, पण प्लेटलेट कमी होण्याच्या आजारासाठी. सिकच्या पुढच्या टप्प्यावर बीटीके नावाचे कायनेज आहे. त्याच्या कामाच्या जागेशेजारी एक सिस्टीन आहे, ४८१ क्रमांकाचे. त्याच्या गंधकावर जाऊन घट्ट चिकटणारी औषधे कर्करोगात आधीपासून वापरात होती. त्याच पद्धतीचे रेमिब्रुटिनिब २०२५ मध्ये अमेरिकेत जुनाट गांधींच्या आजारासाठी मान्य झाले. पार्थेनिन दिसेल त्या गंधकाला चिकटते, हे औषध एका विकराच्या एका गंधकासाठी घडवलेले आहे. शास्त्राने वीस वर्षे घालवली ती हा नेमकेपणा मिळवण्यात. 'सर्व प्रकारच्या ॲलर्जीवर' असे डबीवर छापायला एक दिवस पुरतो.

असली नवी औषधे सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराच्या आवाक्यात यायला काळ जाईल. त्याच्या आवाक्यातले औषध मात्र जुने आहे, स्वस्त आहे आणि त्याचा वापर होत नाही. श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड नियमित घेतले तर श्वासनलिकेतली सूज, तिच्यातल्या मास्ट पेशींच्या उठाठेवींसह, आटोक्यात राहते. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. या दोन आकड्यांमधली दरी गोळ्या, पुड्या आणि इंजेक्शनांनी भरलेली आहे. पंपची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, मुलीच्या लग्नाआधी पंप दिसता कामा नये, या समजुती डॉक्टरांनी खोडून काढायच्या, तर घाईच्या ओपीडीत तेवढी मिनिटे नसतात. मृगाला हैदराबादेत माशाचे औषध घ्यायला देशभरातून लोक जातात, सोलापूर तर त्या रेल्वेमार्गावरच आहे. तिथे रांगेत उभे राहण्याला लाज वाटत नाही, पंप खिशातून काढायला वाटते. नुसता तात्पुरता आराम देणारा पंप ओढत राहू नये, सोबत स्टेरॉइड हवेच, असे दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेत २०१९ पासून स्पष्ट लिहिलेले आहे. बुडेसोनाइड हे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णाला आधार देते. दाखल होण्याची पाळीच येऊ नये म्हणून रोज लागणारा पंप मात्र बाह्यरुग्ण विभागाच्या औषध खिडकीवर मिळावा लागतो, एक महिना मिळून दोन महिने न मिळणारा नव्हे, तर बाराही महिने.

लहान मुलांना पंप नीट ओढता येत नाही, त्यासाठी स्पेसर लागतो. तो विकत घेणे परवडत नसेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मुलांवर तपासून दाखवलेली युक्ती वापरता येते. अर्ध्या लिटरची पाण्याची प्लास्टिकची बाटली घ्यायची, बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडायचे, पंप बसवून फट पक्की बंद करायची आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. आराम देणारे औषध देताना विकतच्या स्पेसरइतकाच गुण येतो. विडी वळणाऱ्या आईला हे दवाखान्यातल्या परिचारिकेने एकदा हातात घेऊन दाखवले, तर घरी करता येते. तंबाखूचा डबा झाकून, चाळण्याचे काम दाराबाहेर करून आणि बाळाचे अंथरूण दुसऱ्या भिंतीला हलवून तिच्या खोलीत काय फरक पडतो, तेही तिला त्याच वेळी सांगता येईल.